जाम झालेली पिन: घण उचलण्याआधी आणि उचलल्यावर

ग्रीस नीट खाल्लेली एक्स्कॅव्हेटरच्या बकेटची पिन (बकेट आर्मला, म्हणजे मशीनच्या हाताला, जोडणारा जाड गोल खुंट) दोन माणसं तासाभरात काढून बाजूला ठेवतात. तीच पिन बुशात, म्हणजे ती ज्या धातूच्या नळीत फिरते तिच्यात, धरली गेली की अख्खा दिवस जातो, घणाचा दांडा मोडतो, पिनचं तोंड छत्रीसारखं फुलतं आणि ती जागची हलत नाही. अशा वेळी भोवतीची चार माणसं एकच सल्ला देतात, "अजून जोरात हाण." मी बरीच वर्षं हे काम करतोय आणि माझं म्हणणं उलटं आहे. पिनला नेमकं कशानं धरलंय ते आधी शोधा. ते सापडलं की निम्मा जोर पुरतो. ते न शोधता लावलेला जोर पिनची, बुशची आणि कधी कधी माणसाचीही वाट लावतो.

धरणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. पहिली म्हणजे भार. बकेटचं किंवा आर्मचं वजन पिनवर तिरकं टेकलेलं असतं आणि चांगली पिनसुद्धा जाम वाटते. दुसरी गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि पिन-बुशमधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांचीच असते, त्यामुळे ती गच्च भरून जाते. तिसरी म्हणजे धातूला धातू चिकटणं. कोरड्या पिनवर टनावारी भार पडून घासत राहिला की पृष्ठभाग ओरबाडला जातो, एकाचा धातू दुसऱ्यावर जाऊन बसतो. चौथी वाकलेली पिन. आणि पाचवी, जी सांगायला संकोच वाटतो इतकी साधी आहे: पिनला अडवणारं काहीतरी अजून काढायचंच राहिलेलं असतं.

आधी डोळ्यांनी बघा

पिनची दोन्ही तोंडं वायर ब्रशनं आणि रॉकेलनं स्वच्छ करा. चिखल आणि जुन्या ग्रीसच्या थराखाली आडवा बोल्ट, कॉटर, सर्क्लिप, स्प्रिंग पिन किंवा पिनच्या मागे खाचेत बसवलेली पट्टी लपलेली असते. कुणीतरी पूर्वी घाईत मारून ठेवलेला वेल्डिंगचा टाका पण सापडतो. पिनला एका बाजूला डोकं किंवा प्लेट असेल तर ती त्याच बाजूनं बाहेर येणार, म्हणून ठोकायचं समोरच्या टोकावर. हे उघड आहे, तरी उलट्या बाजूनं ठोकून कान (बकेटच्या, पिनचं टोक धरणाऱ्या भोकाच्या प्लेटा) वाकवलेली मशीनं मी दुरुस्त केली आहेत.

आता निप्पलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीस गन लावा. ग्रीस दोन्ही बाजूंनी बाहेर आलं तर पिन बुशात धरलेली नाही, कानात धरलेली आहे. ग्रीस अजिबात जात नसेल तर निप्पल काढून पुन्हा बघा. कधी फक्त निप्पलच बंद असतो, कधी आतली वाट वाळलेल्या ग्रीसनं बुजलेली असते. बुशच्या कडेला तांबूस बारीक पूड दिसली तर आत कोरडं घासलं जात होतं. आडवा बोल्ट तुटलेला सापडला तर समजा की पिन बुशात धरली गेली आणि बुशसोबत कानात फिरू लागली, म्हणून बोल्ट कातरला गेला. मग कानाचं भोकही मोठं झालेलं असण्याची दाट शक्यता आहे. ते लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

याच वेळी एक छोटं काम करा, मी ते कधीच चुकवत नाही. पिनच्या तोंडापासून कानापर्यंत खडूनं एक सरळ रेघ ओढा. पुढे ठोकताना, ओढताना, फिरवताना पिन एक मिलिमीटर जरी सरकली तरी आधी ती रेघ तुटते. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही आणि माणसं हलायला लागलेल्या पिनवरसुद्धा हताश होऊन पद्धत बदलत बसतात.

भार उतरवणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मशीन सपाट, कडक जमिनीवर घ्या. बकेट जमिनीवर सपाट टेकवा. इंजिन बंद करा, मग चावी ऑन ठेवून सगळे लिव्हर सगळ्या दिशांना काही वेळा फिरवा, म्हणजे सिस्टिममध्ये अडकलेलं प्रेशर उतरेल. चावी काढून खिशात ठेवा आणि केबिनवर पाटी लावा. ज्या भागाला ती पिन पेलते आहे तो भाग पिन निघाल्यावर कुठे जाईल याचा विचार करा. बकेट कलंडेल, लिंक खाली झुलेल, सिलिंडरचं टोक आपटेल. प्रत्येकाखाली जाड लाकडी ठोकळे रचा, लिंक आणि सिलिंडर पट्ट्यानं टांगून घ्या. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर किंवा मशीनच्या स्वतःच्या हायड्रॉलिकवर पेललेल्या भागाखाली हात घालू नका.

पिनही हलकी नसते. 100 मिमी व्यासाची, 600 मिमी लांब पिन साधारण 37 किलो भरते. ती अचानक सुटली तर पायावर येते, म्हणून बाहेर येणाऱ्या टोकालाही पट्टा हवा.

आता खरी गोष्ट. बकेट जमिनीवर टेकली म्हणजे पिनवरचा भार गेला असं नसतं. आर्मचं वजन वरून दाबत असतं, किंवा आर्म थोडा वर राहिला तर बकेट पिनला लटकलेली असते. दोन्हींच्या मधे एक जागा असते जिथे पिन मोकळी असते आणि ती जागा काही मिलिमीटरचीच असते. ती शोधायला आर्मखाली जॅक लावा, किंवा बकेट चेन ब्लॉकनं धरा, आणि अगदी थोडं थोडं वर-खाली करा. प्रत्येक वेळी पिनवर एक मध्यम ठोका द्या आणि आवाज ऐका. भार असताना आवाज बद्द येतो. भार उतरला की ठोका खणखणीत वाजतो. काही पिना याच पायरीवर निघून येतात आणि लोक म्हणतात, "ही तर जामच नव्हती." खरंच नव्हती.

भोकं एका रेषेत आली का हे बोट घालून कधीही बघू नका. बकेट दोन मिलिमीटर सरकली तरी बोट कातरलं जातं. टॉर्चचा उजेड टाका, पहार घाला, काडी घाला, बोट नको.

तेल मुरवणं

गंज सोडवणारं पातळ तेल दोन्ही बाजूंनी, शक्य असेल तिथे वरच्या बाजूनं सोडा, म्हणजे ते खाली उतरेल. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल निम्मं-निम्मं मिसळूनही चालतं. मात्र अॅसिटोन झटकन पेट घेतं, म्हणून त्यानंतर लगेच गॅसचा टॉर्च पेटवायचा नाही. निप्पल काढून त्या वाटेनंही तेल आत घाला. हातानं चालवायच्या ग्रीस गनमध्ये घट्ट ग्रीसऐवजी तेल भरून दाबलं तर बुशच्या मध्यापर्यंत पोचतं. हे करताना निप्पलसमोर किंवा फटीसमोर हात नको. ग्रीस गनचं प्रेशर शेकडो बारपर्यंत जातं. त्वचेत घुसलेलं ग्रीस टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही, पण ती शस्त्रक्रियेची आणीबाणी आहे. तसं झालं तर "बघू संध्याकाळपर्यंत" म्हणायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

तेलाला वेळ द्या. रात्रभर मुरलं तर उत्तम. अधूनमधून पिनच्या तोंडावर आणि बुशच्या घरावर (बुश ज्या जाड कड्यात बसतो त्यावर) हातोड्याचे ठोके देत राहा. ते ठोके पिन काढण्यासाठी नसून तेल आत ओढलं जावं म्हणून आहेत.

आधी फिरवा, मग ढकला

गंजाची पकड सरळ ढकलण्यापेक्षा फिरवण्यानं लवकर सुटते. पिनच्या तोंडावर जाड पट्टी किंवा मोठा नट वेल्ड करा आणि त्याला लांब पाइप घालून हळूहळू दोन्हीकडे हिसडे द्या. खडूची रेघ पाव मिलिमीटर सरकली तरी अर्धं काम झालं. त्याच फिरवण्यात तेल सोडत राहा. दुसऱ्या मशीनच्या बकेटनं किंवा साखळीनं ओढायचा मोह होतो. तो टाळा, साखळी तुटली की ती कुठे जाईल यावर कुणाचाही ताबा नसतो.

वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची ऋण तार काढा आणि मशीनच्या पुस्तकात सांगितलं असेल तर कंट्रोलरचे कनेक्टरही काढा. अर्थिंगचा क्लॅम्प ज्या तुकड्यावर वेल्ड करताय त्याच तुकड्यावर, अगदी जवळ लावा. तो लांब लावला तर करंट दुसऱ्या पिनांतून, बेअरिंगांतून, सिलिंडरमधून जातो आणि तिथे ठिणग्यांनी खड्डे पडतात. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या जागी वेल्डिंग किंवा टॉर्च नको, त्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

घण

आता घण. पिनचा पृष्ठभाग कडक केलेला असतो आणि घणही कडक असतो. दोन कडक पोलादं थेट एकमेकांवर आपटली की त्यातून कपची सुटते, ती गोळीसारखी जाते. म्हणून मधे मऊ पोलादाचा किंवा पितळेचा ड्रिफ्ट, म्हणजे ठोका पुढे नेणारा गोल तुकडा, हवा, व्यास पिनपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी. तो हातात धरायचा नाही. त्याला लांब सळई वेल्ड करून दांडा करा आणि धरणारा माणूस घणाच्या रेषेबाहेर उभा राहू द्या. दोघांनीही चष्मा लावायचा.

ठोकायच्या आधी पिनच्या तोंडाची धार ग्राइंडरनं तिरकी घासून घ्या, म्हणजे तोंड फुलणार नाही. आधीच फुललं असेल तर ते घासून कमी केल्याशिवाय पिन आत ढकलूच नका. फुललेलं तोंड बुशात शिरलं की पाचर बसते.

हलके पन्नास ठोके नुसतं तोंड ठेचतात. जड वस्तूचा एक सावकाश, सरळ धक्का पिनच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जातो. मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो लटकता घण: 50-60 किलोचा जुना शाफ्ट दोन पट्ट्यांनी पिनच्या उंचीवर आडवा टांगायचा आणि दोघांनी मागे ओढून सोडायचा. दमणूक कमी, नेम चुकत नाही, दांडा मोडत नाही. समोरच्या बाजूच्या कानाला जड ठोकळ्याचा टेकू द्या, नाहीतर निम्मा धक्का कान लवण्यातच जातो.

दहा-पंधरा पूर्ण ताकदीच्या धक्क्यांनंतरही रेघ जागची असेल तर थांबा. यापुढे घण फक्त नुकसान करतो.

पोकळ जॅकनं ओढणं

मधून आरपार भोक असलेला हायड्रॉलिक जॅक मिळाला तर काम शांतपणे होतं. पिनच्या तोंडाला ओढण्यासाठी आटे असलेलं भोक असेल तर त्यात, नाहीतर वेल्ड केलेल्या जाड नटात रॉड बसतो. कानावर एक जाड पाइप टेकतो, ज्याचा आतला व्यास पिनपेक्षा मोठा असतो. पाइपच्या दुसऱ्या तोंडावर जाड प्लेट, तिच्यावर जॅक, जॅकमधून बाहेर आलेल्या रॉडवर नट. पंप मारला की जॅक पाइपला ढकलतो आणि पिन पाइपच्या पोटात ओढली जाते. पाइपची दोन्ही तोंडं लेथवर काटकोनात केलेली हवीत. गॅस कटरनं कापलेल्या तोंडावर जॅक तिरका बसतो आणि भर प्रेशरखाली सटकतो.

रॉडकडे कुणी लक्ष देत नाही आणि तिथेच अपघात होतो. एम 30 चा (30 मिमी आट्यांचा), 10.9 या मजबुतीच्या ग्रेडचा रॉड जवळपास 47 टन ओढ सहन करतो. त्याच मापाचा, दिसायला तसाच साधा 4.6 ग्रेडचा रॉड 13 टनांच्या आतच ताणला जायला लागतो. ग्रेडचा शिक्का नसलेला रॉड वापरू नका. आणि रॉड मजबूत असला तरी नटाचं वेल्डिंग तेवढं पेलेलच असं नाही, म्हणून आटे असलेलं भोक असेल तर तेच वापरा. ओढ चालू असताना रॉडच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कुणीही उभं राहायचं नाही. रॉड तुटला तर तो बाणासारखा जातो. वरून जाड पोतं किंवा रबर मॅट टाकून ठेवा.

एकदा व्हील लोडरच्या बकेटच्या पिनवर आम्ही 60 टनी जॅक लावला होता. अशा जॅकचं कमाल प्रेशर बहुतेक वेळा 700 बार असतं. आम्ही 500 बारपर्यंत, म्हणजे साधारण 43 टनांपर्यंत नेलं आणि पंप थांबवला. काहीच झालं नाही. बाजूला उभा असलेला माझा जोडीदार म्हणाला, "अजून मार." मी नाही मारला. ओढ तशीच ठेवून बुशच्या घरावर, रेषेच्या बाजूला उभं राहून, हातोड्याचे आडवे ठोके द्यायला लागलो. सातव्या-आठव्या ठोक्याला गेजचा काटा थरथरला आणि 20 बारनं खाली आला. आवाज झाला नाही, कुणाला काही हललेलं दिसलं नाही. खडूची रेघ मात्र तुटली होती. जॅक गळत नसेल तर काटा खाली येणं म्हणजे पिन सरकणं. त्यानंतर पंप, ठोके, पंप, ठोके असं करत पाऊण तासात पिन बाहेर आली. तेव्हापासून मी कामात गेजकडे बघतो, पिनकडे नाही. स्थिर ओढ आणि आडवे ठोके एकत्र आले की जे होतं ते दोन्हींपैकी एकट्यानं होत नाही.

उष्णता

ओढ लावूनही पिन ढिम्म असेल तर तापवणं. तापवायचं बुशच्या भोवतीचं घर, पिन नाही. पोलाद दर अंश सेल्सिअसला स्वतःच्या मापाच्या दहा लाखांत 12 भाग वाढतं. म्हणजे 100 मिमी भोकाचं घर पिनपेक्षा 150 अंशांनी जास्त तापलं तर भोक सुमारे 0.18 मिमी मोठं होतं. गंजाची पकड मोडायला हे भरपूर आहे. पण यातला "पिनपेक्षा" हा शब्द महत्त्वाचा. बारक्या ज्योतीनं तासभर शेकत बसलात तर पिनही तेवढीच तापते आणि फट पुन्हा तीच राहते. मोठं नोझल घ्या, शक्य असेल तर दोन टॉर्च दोन बाजूंनी, गोल फिरवत, झटपट.

किती तापलं हे कळायला घराचा एक कोपरा आधी घासून चमकवून ठेवा. तिथे फिकट पिवळसर छटा आली की तापमान 220 अंशांच्या आसपास आहे, तिथेच थांबा. निळी छटा 300 च्या जवळ येते. लाल करणं तर सोडूनच द्या, कडक केलेल्या बुशचा कडकपणा जातो आणि आर्मच्या वेल्डजवळचं पोलाद कमजोर होतं. तापलेल्या घरावर पाणी ओतू नका, तडा जातो. त्याऐवजी फटीला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं आणि पिनला वंगण मिळतं.

टॉर्च पेटवण्याआधी निप्पल काढलाच पाहिजे. बंद पोकळीतलं ग्रीस तापून फुगतं आणि निप्पल उडवून देतं. सिलिंडरच्या जवळ टॉर्च नेऊ नका, त्याची सीलं शंभर अंशांच्या पुढे टिकत नाहीत आणि आत कोंडलेलं तेल तापलं तर स्फोट होऊ शकतो. हवा भरलेल्या टायरच्या रिमपासूनही लांब राहा. होज ओल्या पोत्यांनी झाका, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. आतलं ग्रीस मागाहून पेटतं.

काहीच जमलं नाही तर

मग पिन कापायची. ती तशीही भंगार झाली आहे, वाचवायचं आहे ते घर आणि कान. आर्मचं घर आणि बकेटचा कान यांच्यामधल्या फटीतून सील आणि शिम (पातळ चकत्या) काढून टाकले की थोडी जागा मिळते. तिथून गॅस कटरनं किंवा लांब पात्याच्या करवतीनं दोन्ही बाजूंना कापा. वरचा कडक थर पात्याचे दात खातो, पाती जास्त ठेवा. बकेट मोकळी झाली की कानातले छोटे तुकडे आणि बुशातला मधला तुकडा वेगवेगळे काढता येतात. मधल्या तुकड्याच्या पोटातून ऑक्सिजन लान्सनं (ऑक्सिजन सोडून लोखंड वितळवणाऱ्या जळत्या नळीनं) आरपार भोक पाडलं तर थंड होताना तो आकसतो आणि सैल पडतो. लान्स मात्र त्या कामाची सवय असलेल्या माणसाच्याच हाती द्या, वितळलेलं लोखंड दोन्ही टोकांनी बाहेर उडतं.

नवी पिन घालताना

भोकं चिंधीनं पुसून गप्प बसू नका. आतल्या मायक्रोमीटरनं प्रत्येक भोक दोन दिशांनी आणि दोन-तीन खोलींवर मोजा. ती मापं मशीनच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून बघा. आडवा बोल्ट तुटलेला होता त्या बाजूचा कान बहुधा लंबगोल झालेला सापडेल. त्यात नवी पिन घातली तर काही महिन्यांत पुन्हा हाच दिवस येतो. वेल्ड भरून लाइन बोरिंग, म्हणजे भोकं पुन्हा एका रेषेत कापणं, करून घ्या.

नवा बुश घणानं ठोकू नका. कोरड्या बर्फात, म्हणजे उणे 78 अंशांत ठेवला तर 115 मिमी बाहेरच्या व्यासाचा बुश साधारण 0.14 मिमी आकसतो आणि घरात हातानं सरकतो. जाड हातमोजे घाला आणि हे काम उघड्यावर करा, बंद खोलीत बर्फातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू साचतो. बुशचं ग्रीसचं भोक घराच्या भोकासमोर आलं पाहिजे, आणि हे बुश थंड असतानाच बघावं लागतं, कारण तो काही क्षणांत पकडतो. धुळीच्या सीलची ओठासारखी कड बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे जुनं ग्रीस बाहेर येईल आणि माती आत जाणार नाही.

आडव्या बोल्टला दोन नट असतील तर ते एकमेकांवर घट्ट करा, कानावर नाही. बोल्ट थोडा हलता राहिला पाहिजे. आवळून टाकला तर त्याच्यावर सतत ताण राहतो आणि तो लवकर तुटतो.

पुस्तकात सांगितलेलंच ग्रीस वापरा. पिनांसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं, घट्टपणात दोन नंबरचं (NLGI 2) ग्रीस बऱ्याच ठिकाणी चालतं. पहिल्यांदा ग्रीस भरताना बकेट जमिनीवर टेकवून भार उतरवा, दोन्ही बाजूंनी ग्रीस दिसेपर्यंत भरा, मग बकेट चार वेळा उघडमीट करून पुन्हा भरा. ग्रीस नेहमी भार नसलेल्या बाजूला जातं, त्यामुळे एकाच स्थितीत भरलं तर पिनची भार घेणारी बाजू कोरडी राहते. पाण्यात, चिखलात किंवा खडक फोडायचा ब्रेकर लावून काम चालू असेल तर बकेटच्या पिनांना रोज ग्रीस लागतं.

सगळं झालं की नव्या पिनच्या तोंडापासून कानापर्यंत पुन्हा एक रेघ ओढा, या वेळी खडूऐवजी पेंटनं. रोज ग्रीस करणाऱ्याला ती दाखवून ठेवा. रेघ जोवर सरळ आहे तोवर पिन कानात स्थिर आहे. ज्या दिवशी ती तुटलेली दिसेल त्याच दिवशी मशीन थांबवून आडवा बोल्ट आणि ग्रीसची वाट तपासायची.